न्हाणीघराचा गळका वेस्ट पाईप : घरी दुरुस्ती कशी करावी आणि मुलांना त्यातून काय शिकवावं?



आजचा धडा पुस्तकातला नाही, न्हाणीघरातला आहे. बेसिनखाली कायमची ठेवलेली बादली, भिंतीच्या तळाशी उमटलेला ओला डाग, न्हाणीच्या मागे भर उन्हाळ्यातही हिरवंगार राहणारं गवत. आपल्या औंढा नागनाथमध्ये काय किंवा आजूबाजूच्या खेड्यांत काय, हे चित्र आपल्याला नवीन नाही. नळ गळायला लागला की आपण लगेच वॉशर आणतो, कारण ते पाणी आपण कष्टाने भरलेलं असतं. वेस्ट पाईप गळतो तेव्हा मात्र "सांडपाणीच तर आहे" असं म्हणून महिने काढतो.

या लेखात आपण चार गोष्टी पाहू. सांडपाण्याच्या गळतीने नेमकं काय बिघडतं, गळती शोधायची कशी, ती दुरुस्त करायची कशी आणि या साध्या कामातून मुलांना काय शिकवता येतं.

१) गळू द्या म्हटलं तर काय होतं?

आधी थोडं गणित करू. समजा, एका जणाच्या आंघोळीच्या वेळी जोडातून फक्त एक कप, म्हणजे २५० मिली पाणी बाहेर जातं. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला सव्वा लिटर आणि महिन्याला साडेसदतीस लिटर पाणी होतं. म्हणजे दोन मोठ्या बादल्यांहून जास्त पाणी आपण दर महिन्याला भिंतीत किंवा पायाशी ओततो.

हे पाणी चार प्रकारे त्रास देतं.

पहिला त्रास पायाला. मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घराच्या एका कोपऱ्याखालची माती सतत ओली आणि बाकीची कोरडी राहिली, तर पाया सगळीकडे सारखा राहत नाही. न्हाणीच्या कोपऱ्यात भिंतीला तिरप्या भेगा जातात, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. आपण दर दिवाळीला भेगा बुजवतो आणि रंग मारतो. पाईप मात्र तसाच राहतो.

दुसरा त्रास भिंतीला. पाण्याबरोबर क्षार वर चढतात, पांढरा लोणा येतो, गिलावा फुगून पडतो. स्लॅबमधून गळत असेल तर आतल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते.

तिसरा त्रास डासांचा. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे आपण मुलांना सांगतो आणि आठवड्याचा कोरडा दिवस पाळतो. घाण साचलेल्या पाण्यात मात्र क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोग पसरवणारा तो हाच. न्हाणीमागचं डबकं म्हणजे त्याचं घर.

चौथा त्रास सगळ्यात धोकादायक, विजेचा. ओल्या भिंतीत गिझरचा किंवा बोअरच्या मोटारीचा बोर्ड असेल तर शॉक बसू शकतो. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. पाईपचं काम त्यानंतर.

२) सांडपाण्याचा पाईप चालतो कसा?

दुरुस्ती करण्याआधी हे समजलं पाहिजे. घरात पाण्याचे दोन रस्ते असतात. टाकीतून नळाला येणारं पाणी दाबाखाली असतं. त्या पाईपला बारीक छिद्र पडलं तरी पाणी रात्रंदिवस येतच राहतं. वेस्ट पाईपमध्ये मात्र दाब नसतो. पाणी फक्त उतारावरून खाली जातं. म्हणून वेस्ट पाईप आपण पाणी सोडलं तरच गळतो. गळती कोणत्या पाईपची आहे हे ओळखायची पहिली खूण हीच.

उतार किती हवा? लहान वेस्ट पाईपसाठी साधारण ४० ला १, म्हणजे दर एक मीटरला अडीच सेंटीमीटर. न्हाणीपासून बाहेरचं चेंबर चार मीटर लांब असेल तर पाईपचं दुसरं टोक दहा सेंटीमीटर खाली हवं. उतार कमी पडला की साबणाचा साका, केस आणि माती तळाशी बसते, पाणी तुंबतं आणि जोडांवर नको तेवढा वेळ उभं राहतं.

जोड कोणत्या बाजूने असावा, हे समजायला आपल्या जुन्या कौलारू घराकडे बघा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून पाणी आत येत नाही. पाईपमध्येही वरून येणाऱ्या पाईपचं टोक पुढच्या पाईपच्या रुंद तोंडात, म्हणजे सॉकेटमध्ये, बसलं पाहिजे. थोडक्यात, सॉकेटचं तोंड पाणी येणाऱ्या दिशेला. कुणी घाईत उलटं बसवलं असेल तर तो जोड आज ना उद्या गळणारच.

आता ट्रॅप. बेसिनखालची बाटलीसारखी वस्तू म्हणजे बॉटल ट्रॅप आणि फरशीखाली जाळीच्या आत असतो तो नहाणी ट्रॅप. दोन्हींत साधारण पाच सेंटीमीटर पाणी कायम अडून राहतं. हे पाणी म्हणजे एक झाकणच. गटारीतला वास, वायू, झुरळं या पाण्यामुळे घरात येत नाहीत. पाईपला वाकडं वळण देऊन त्यात पाणी अडवायच्या कल्पनेचं पेटंट लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या कारागिराने १७७५ मध्ये घेतलं. अडीचशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आपण गावी जातो आणि परत आल्यावर न्हाणीला वास येतो, तेव्हा पाईप फुटलेला नसतो. ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. दोन तांबे पाणी ओता, वास जातो.

३) पाईप गळायला लागतो कशामुळे?

- ऊन : पीव्हीसी तापला की लांबतो. तीन मीटरचा पाईप ३० अंशांच्या फरकाने सुमारे ५ ते ६ मिलिमीटर कमी-जास्त होतो. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतला फरक याहून मोठा असतो. पाईप भिंतीला नीट क्लॅम्प केलेला नसेल तर ही ओढाताण जोडांवर येते. शिवाय वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला पाईप कडक होऊन तडकतो.
- उकळतं पाणी : बंबातलं किंवा चुलीवरचं कढत पाणी सरळ मोरीत ओतलं की पीव्हीसी नरम पडतो, वाकतो आणि जोड सुटतो. आधी थंड पाणी मिसळा, मग ओता.
- क्षार : बोअरच्या जड पाण्याचा थर वॉशरवर आणि आट्यांवर बसतो. रबर कडक होतं.
- घाईत केलेलं काम : ओल्या किंवा धुळीने भरलेल्या पाईपला सोल्युशन लावलं, पाईप सॉकेटमध्ये पूर्ण आत ढकलला नाही, आधार दिला नाही.
- तार आणि ॲसिड : तुंबलेली मोरी लोखंडी सळईने जोरजोराने खोचली की ट्रॅपच फुटतो.

४) गळती नेमकी कुठे आहे, ते शोधा

ओलं दिसतं तिथेच गळतं असं नसतं. पाणी पाईपच्या बाहेरून सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून या क्रमाने तपासा.

१. घरातले सगळे नळ बंद करा आणि दोन तास न्हाणी वापरू नका. तरीही टपकत असेल तर गळती नळाच्या पाईपची आहे. टपकणं थांबलं तर वेस्ट पाईपची.

२. पाईप आणि सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. खाली जुना पेपर अंथरा.

३. बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ टाका आणि ते पाणी बेसिनमध्ये हळूहळू ओता. एकाने वर ओतायचं, दुसऱ्याने खाली बॅटरी धरून बघायचं. पेपरवर पहिला निळा थेंब कुठे पडतो ते पाहा आणि त्याच्या सरळ वर प्रत्येक जोडाला कोरडं बोट लावा. जिथे बोट निळं होतं, तिथे गळती.

४. बेसिन ठीक निघालं तर न्हाणीच्या जाळीत सरळ पाणी ओता. आजूबाजूची फरशी ओली होऊ देऊ नका. आता गळालं तर ट्रॅप किंवा पाईप दोषी. गळालं नाही, पण आंघोळीच्या वेळी गळतं, तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा जाळीच्या कडेला आहे.

ही चौथी पायरी बरेच जण गाळतात आणि चांगला पाईप फोडून बसतात.

५) लागणारं साहित्य

हातमोजे, जुनी बादली, फडकी, बॅटरी, पक्कड, मोठा पाना, हेक्सॉ ब्लेड, काचपेपर, मार्कर पेन, टेफ्लॉन टेप, पीव्हीसीचं सोल्युशन, एम-सील आणि लागेल तो सुटा भाग.

दुकानात जाताना जुना वॉशर किंवा पाईपचा तुकडा सोबत न्या. बेसिनचा वेस्ट साधारण ३२ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंची असतो, न्हाणीचा बहुतेक ७५ चा आणि संडासाचा ११० चा. पाईप विकत घेताना त्यावरची छपाई वाचा. आयएसआय मार्क आणि आयएस १३५९२ हा आकडा पाहा. यात ए प्रकारचा पाईप पावसाचं पाणी आणि हवेसाठी असतो, सांडपाण्यासाठी बी प्रकारचा घ्यायचा. दोन्ही दिसायला सारखेच असतात. स्वस्त पडतो म्हणून न्हाणीला ए प्रकारचा पाईप लावू नये.

६) प्रत्यक्ष दुरुस्ती

अ) बेसिनखालचा नट किंवा ट्रॅप गळत असेल तर

सगळ्यात जास्त घरांत हीच अडचण असते आणि ती अर्ध्या तासात सुटते.

- ट्रॅपखाली बादली ठेवा. आतलं पाणी पडणारच आहे.
- नट हाताने सैल करा. हलत नसेल तर फडकं गुंडाळून पाना लावा, म्हणजे प्लास्टिक चिरणार नाही.
- ट्रॅप काढून केस आणि साका साफ करा. वॉशर चपटा, कडक किंवा चिरलेला असेल तर बदला. वॉशर दहा-वीस रुपयांत मिळतो.
- वॉशर बसवताना सरळ बसला आहे ना, ते बघा. निमुळत्या वॉशरची निमुळती बाजू ज्या तोंडात घट्ट बसायची आहे तिकडे असावी.
- नट आधी हाताने पूर्ण आवळा, मग पान्याने फक्त पाव फेरा. जास्त जोर लावला की नट फुटतो.

टेफ्लॉन टेपबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. जिथे रबरी वॉशर पाणी अडवतो तिथे टेप गुंडाळून काही उपयोग नाही. जिथे आटे आट्यांत घट्ट बसून पाणी अडतं, तिथेच टेप कामाची. टेप नट ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

बेसिनखाली वेटोळ्यांचा लवचीक पाईप असेल आणि त्याला चीर गेली असेल तर चिकटवत बसू नका. नवीन घ्या. खालच्या पाईपमध्ये तो नुसता खोचून ठेवू नका. तिथे रबरी टोपी बसवा, नाहीतर तिथून पाणी उलटं येतं आणि झुरळंही.

आ) सोल्युशनचा जोड सुटला असेल तर

सोल्युशन हा डिंक नाही. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन पाईप एकजीव होतात. म्हणून गळक्या जोडावर बाहेरून सोल्युशन फासून गळती थांबत नाही. त्याने आतपर्यंत जायला हवं.

१. जोड पूर्ण सुटला असेल तर दोन्ही बाजू साफ करा. अर्धवट चिकटलेला असेल तर तो भाग कापून नवीन कपलर किंवा एल्बो घ्या.

२. पाईप सरळ कापा. तिरपा कापला तर तो आत पूर्ण टेकत नाही. कडेची कुसं काचपेपरने घासा, नाहीतर त्यांत केस अडकून पुढे तुंबतं.

३. सोल्युशन न लावता एकदा जोडून बघा. पाईप किती आत जातो तिथे मार्करने खूण करा.

४. दोन्ही भाग पुसून कोरडे करा. चमक जाईल इतपतच काचपेपर मारा.

५. पाईपच्या बाहेरून आणि सॉकेटच्या आतून पातळ, सारखा थर लावा. लगेच खुणेपर्यंत ढकला आणि ढकलताना पाव फेरा फिरवा. अर्धा मिनिट तसंच दाबून धरा.

६. बाहेर आलेलं सोल्युशन पुसा. निदान काही तास पाणी सोडू नका. संध्याकाळी काम करून रात्रभर ठेवलेलं सगळ्यात चांगलं.

रबरी रिंगचा जोड असेल तर सोल्युशन लावायचं नाही. रिंग धुऊन खाचेत नीट बसवा, पाईपच्या टोकाला साबणाचं पाणी लावा, पूर्ण आत ढकला आणि मग साधारण दहा मिलिमीटर मागे ओढा. ती जागा पाईपला उन्हाळ्यात लांबायला ठेवलेली असते.

इ) पाईपला मध्येच तडा गेला असेल तर

तात्पुरता उपाय एम-सील. तो भाग कोरडा करा, काचपेपरने घासा, दोन्ही रंगांचे गोळे एकच रंग होईपर्यंत मळा आणि तड्याच्या पुढे दोन-दोन सेंटीमीटर जाईल असं दाबून लावा. पूर्ण पक्कं व्हायला एक दिवस द्या. ओल्या पाईपवर ते धरत नाही.

कायमचा उपाय म्हणजे तडकलेला तुकडा कापून नवीन बसवणं. दोन्ही बाजूंचे पाईप भिंतीत पक्के असतील तर नवा तुकडा मध्ये घालायला जागा मिळत नाही. अशा वेळी दुकानात सरकणारा कपलर मागा. त्याच्या आत मध्ये अडथळा नसतो. तो आधी एका पाईपवर पूर्ण सरकवून ठेवायचा, तुकडा बसवायचा आणि कपलर जोडावर ओढून आणायचा.

ई) जाळीच्या कडेने पाणी मुरत असेल तर

जुनं भुसभुशीत सिमेंट खरवडून काढा, धूळ झाडा आणि निदान एक दिवस न्हाणी वापरू नका. मग सांध्यांत ग्राउट भरा. इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण पाण्यात टिकतं. त्यानंतरही एक दिवस कोरडं ठेवा. घरात एकच न्हाणी असेल तर ही दोन दिवसांची सोय आधीच करून ठेवा, म्हणजे मध्येच कुणी आंघोळ करून कामावर पाणी फिरवणार नाही.

७) इथे थांबा, मिस्त्रींना बोलवा

- पाईप भिंतीच्या किंवा स्लॅबच्या आत गळत असेल.
- जुना बिडाचा पाईप असेल.
- वरच्या मजल्यावरच्या घराचा पाईप आपल्या छतातून गळत असेल.
- फरशीखालचा ट्रॅपच फुटला असेल.

मिस्त्रींना बोलावल्यावरही वरचा निळीचा प्रयोग वाया जात नाही. "कुठंतरी गळतंय" असं सांगण्याऐवजी "बेसिन ठीक आहे, जाळीत पाणी ओतलं की गळतं" असं सांगितलं तर फोडाफोड कमी होते आणि खर्चही.

काही सूचना जीव वाचवणाऱ्या आहेत :

- सोल्युशनची वाफ पेटते आणि डोकं गरगरवते. खिडकी उघडी ठेवा. जवळ गॅस, उदबत्ती किंवा काडेपेटी नको. डबा मुलांच्या हाती देऊ नका.
- ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरतो.
- सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरू नका आणि दुसऱ्या कुणालाही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. संरक्षणाशिवाय कुणाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी बोलवा.

८) पाईपच्या पुढे काय?

गळती थांबली, पण पाणी शेवटी जातं कुठे हेही बघायला हवं. गल्लीत गटार नसेल तर शोषखड्डा हा चांगला मार्ग आहे. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारं आणि डास हटवले. पाहायला बाहेरून लोक येऊ लागले. शोषखड्डा घराच्या पायाला लागून मात्र करू नका. कारण वर सांगितलंच आहे, काळी माती. विहीर किंवा बोअरपासूनही तो लांब हवा.

९) वर्गात आणि घरात घेता येतील असे उपक्रम

पारदर्शक ट्रॅप : गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हातभर घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात निळीचं पाणी भरा. एका बाजूने मुलांना हळूच फुंकायला सांगा. पाणी हलतं, पण हवा सहज पलीकडे जात नाही. वास का अडतो, हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. त्याच नळीने दोन्ही बाजूंची पातळी सारखी राहते हेही दिसतं. गवंडीकाका तिने घराची पातळी कशी काढतात, ते मुलं स्वतःच सांगायला लागतात.

उताराची शर्यत : पाईपचा अर्धा कापलेला मीटरभर तुकडा घ्या. त्याच्या एका टोकाखाली आधी एक वही ठेवा, मग तीन, मग पाच. प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी आणि चिमूटभर वाळू सोडा. वाळू कोणत्या उताराला मागे राहते, ते मुलांनी वहीत नोंदवावं.

गळतीचं गणित : गळक्या जोडाखाली मापाचा पेला ठेवून एका आंघोळीला किती पाणी जमतं ते मोजा. दिवस, महिना आणि वर्ष यांचा हिशोब मुलांनी करावा. चौथी-पाचवीच्या गुणाकाराला यापेक्षा चांगलं शाब्दिक उदाहरण मिळणार नाही.

आपल्या गावची मोठी नळी : आपल्या तालुक्यात दुधाळा इथे लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे, हे मुलांना ऐकून माहीत असतं. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. तिथे नेमकं काय असणार, असं विचारलं की मुलं गप्प होतात. सोपं करून सांगायचं तर काटकोनात ठेवलेल्या दोन लांबच लांब नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते आणि त्यातून लेझरचा किरण धावतो. दूर आकाशात कृष्णविवरं आदळली की उठणारी अतिसूक्ष्म लहर त्याने टिपता येते. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. तिथल्या नळ्या सव्वा मीटरच्या आसपास रुंद आहेत. त्यांचा एकेक जोड हेलियम वायू वापरून तपासावा लागला, कारण बाहेरची थोडीशी हवा आत शिरली तरी मोजमाप बिघडतं. आपल्या पाईपमधून पाणी बाहेर येतं, त्या नळीत हवा आत जाईल, एवढाच फरक. आपण नीळ वापरतो, ते हेलियम वापरतात. हे ऐकल्यावर बेसिनखाली बॅटरी धरून बसलेल्या मुलाला आपलं काम लहान वाटत नाही.

१०) हे काम कुणाचं?

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगते. वर्गात मी विचारलं, "घरचा पाईप गळला तर कोण दुरुस्त करतं?" उत्तरं आली, "पप्पा फोन करतात", "मिस्त्री येतो", "आजोबा म्हणतात तसल्या कामाला हात लावायचा नाही". एकाही मुलीने "मी" किंवा "आई" म्हटलं नाही. सांडपाण्याचं काम घाण, ते आपलं नाही, ते कुणीतरी दुसऱ्याने करायचं. हे आपण शब्दांत शिकवत नाही, पण मुलं बरोबर शिकतात. त्या "कुणीतरी दुसऱ्या"ला आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जातीने बांधून ठेवलं, हेही आपण विसरता कामा नये.

याविरुद्ध आपल्याच मातीत मोठी माणसं उभी राहिली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः सफाईचं काम केलं आणि सोप्या संडासाची रचना लोकांपुढे ठेवली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर शिकण्याचे सांगितले आहेत. सुतार, गवंडी यांच्यासारखेच प्लंबरकाकाही एक दिवस वर्गात गुरुजी म्हणून येऊ शकतात. त्यांना खुर्ची द्या, पाण्याचा ग्लास द्या आणि मुलांना त्यांना "सर" म्हणू द्या.

घरी दुरुस्ती करताना मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सोबत घ्या. सोल्युशन आणि ब्लेड मोठ्यांच्या हातात, बाकी बॅटरी धरणं, वॉशर ओळखणं, खूण करणं, पेपरवरचा पहिला थेंब शोधणं ही कामं मुलांची. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि एकत्र चहा घ्यायचा. हात धुतले की घाण जाते, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.

दुरुस्तीनंतरची तपासणी

- दुसऱ्या दिवशी जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळा आणि बादलीभर पाणी एकदम सोडा. कागद कोरडा राहिला पाहिजे.
- आठ दिवसांनी पुन्हा हाच प्रयोग.
- भिंतीवरच्या ओल्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. गळती थांबली असेल तर डाग रेघेच्या आत आकसत जातो. जाड भिंत वाळायला काही आठवडे लागतात, म्हणून घाई करून लगेच रंग मारू नका.
- वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, ट्रॅप उघडून धुवा.

ती पेन्सिलची रेघ मुलांना मारू द्या आणि दर रविवारी त्यांनाच डाग मोजायला सांगा.